घरी नेता येईल अशी उपासना : फादर थॉमस स्टीफन्स यांचे जीवन



दिवाळी आली की आपल्या देवळातली बाके हळूहळू रिकामी होऊ लागतात. कंधार, लोहा, मुखेड या भागातली किती तरी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात, लेकराबाळांसह ट्रकमध्ये बसतात आणि उसाच्या फडावर निघून जातात. नाताळ त्यांना कोपीत काढावा लागतो. उपवासकाळाचा बराचसा भाग तिकडेच जातो. तिथे जवळपास ना देऊळ असते, ना धर्मगुरू. पहाटे काळोखात कोयता हाती घ्यायचा आणि रात्री गाडी भरून झाली की अंग टाकायचे. रविवार कोणता आणि सोमवार कोणता, हेही कळत नाही.

अशीच एक माता जाण्याआधी आशीर्वादासाठी आमच्याकडे आली. तिने विचारले की पाच-सहा महिने मिस्सा मिळणार नाही, तर आम्ही तिकडे काय करायचे? आम्ही सांगितले, रोज प्रार्थना करा. तिने पुन्हा विचारले, कोणती? प्रभूची प्रार्थना आणि नमो मारिया तिला येत होती. त्यापुढे काय, हे तिला ठाऊक नव्हते. वर्षभर ती आमची प्रवचने ऐकत आली होती, पण त्यांतले काहीच तिला बरोबर नेता येत नव्हते. प्रवचन ऐकताना चांगले वाटते, पण घरी जाईपर्यंत राहत नाही, असे ती संकोचून म्हणाली. दोष तिचा नव्हता. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, मोठमोठे शब्द शिकलो आणि तेच शब्द वेदीवरून वापरत राहिलो.

त्या दिवसापासून आम्हांला एका धर्मगुरूंची वारंवार आठवण होते. चारशे वर्षांपूर्वी त्यांच्यासमोरही हाच प्रश्न आला होता आणि त्याचे उत्तर देण्यासाठी त्यांनी आपल्या आयुष्याची अनेक वर्षे वेचली. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. शाळेत मराठीच्या पुस्तकात ख्रिस्तपुराणाचे नाव तुमच्यापैकी काहींनी वाचले असेल. पण ते पुराण लिहिणारा माणूस कसा जगला, हे आपल्याला फारसे माहीत नसते.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात झाला. वडील लंडनचे व्यापारी होते. थॉमस दहा वर्षांचे होते न होते तोच इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक मिस्सेवर कायद्याने बंदी आली. पूर्वजांनी बांधलेली देवळे जागेवरच होती, पण तिथे मिस्सा होत नव्हती. ज्यांना जुना विश्वास सोडवत नव्हता, ते एखाद्या घराच्या आतल्या खोलीत, खिडक्या बंद करून, लपूनछपून येणाऱ्या धर्मगुरूची वाट पाहत. पुष्कळदा कोणीच येत नसे. मग आईवडिलांनी मुलांना जे तोंडी शिकवले असेल, तेवढ्यावरच त्या घराचा विश्वास जगत असे. अशा देशात थॉमस लहानाचे मोठे झाले, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू या. पुढच्या आयुष्यात त्यांनी जे केले, त्याची मुळे इथे आहेत असे आम्हांला वाटते.

तरुणपणी त्यांची टॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत कॅथलिक गृहस्थाशी मैत्री झाली. दोघे मिळून देशभर हिंडत आणि अडचणीत सापडलेल्या भाविकांना धीर देत. ओळख पटू नये म्हणून स्टीफन्स आपल्या मित्राच्या नोकराचा वेश घेत. दोघांनाही रोमला जाऊन येशूसंघात, म्हणजे जेज्विट संघात, प्रवेश घ्यायचा होता. पण निघण्याआधीच पाउंड पकडले गेले. त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे वेगवेगळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी संघात प्रवेश केला. तिथेही ते मित्राला विसरले नाहीत. तुरुंगातल्या मित्रालाही संघात घ्यावे अशी विनंती त्यांनी वरिष्ठांना केली आणि ती मान्य झाली.

पुढे स्टीफन्स यांनी हिंदुस्थानात जाण्याची परवानगी मागितली. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांचे जहाज लिस्बनहून निघाले. आफ्रिकेला वळसा घालून सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रात काढल्यावर २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्याला उतरले. त्या प्रवासाचे वर्णन करणारे पत्र त्यांनी लगेच पुढच्या महिन्यात वडिलांना पाठवले. वारे, तारे, समुद्रातले मासे आणि पक्षी, खलाशांचे आजार, सर्व काही त्यांत बारकाईने लिहिले आहे. घर कायमचे सोडून आलेला मुलगा वडिलांना सारे काही डोळ्यांसमोर उभे करून दाखवत होता. ते पुन्हा कधीच मायदेशी गेले नाहीत.

पुढच्याच वर्षी, १५८० मध्ये, त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि दक्षिण गोव्यातल्या साष्टी भागात त्यांची नेमणूक झाली. तिथल्या लोकांत त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे काढली.

ते दिवस सोपे नव्हते आणि आपण ते सोपे करून सांगू नयेत. साष्टीत पोर्तुगीज सत्तेने लोकांची देवळे पाडली होती. त्या जखमा ताज्या होत्या. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी गावात फादर रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार सहकारी मारले गेले. त्यांच्याबरोबर काही प्रापंचिक ख्रिस्ती माणसांनीही प्राण गमावले. आपल्या सहबंधूंची प्रेते परत आणण्याचे जड काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि दगा करून ठार मारले. ख्रिस्तसभा त्या पाच मिशनऱ्यांना धन्य हुतात्मे म्हणून मान देते, आणि कुंकळ्ळीचे लोक आपल्या प्रमुखांची आठवण जपतात. दोन्ही दुःखे खरी आहेत. सत्तेच्या जोरावर आलेला धर्म माणसाच्या अंगावर कपड्यासारखा राहतो, अंतःकरणात उतरायला त्याला दुसरी वाट लागते. स्टीफन्स यांनी त्यानंतर निवडलेली वाट भाषेची होती.

त्याच वर्षाच्या शेवटी आणखी एक प्रसंग घडला. तो लहान आहे, पण आम्हांला फार मोलाचा वाटतो. न्यूबेरी, फिच आणि त्यांचे दोन सोबती अशा चार इंग्रजांना होर्मुझ येथे पकडून गोव्यात आणले गेले आणि तुरुंगात टाकले गेले. ते हेर असावेत असा पोर्तुगीजांना संशय होता. ज्या राज्यात मिस्सा हा गुन्हा होता, त्या राज्याचे हे प्रजाजन. दोनच वर्षांपूर्वी, १५८१ मध्ये, लंडनमध्ये फादर एडमंड कॅम्पियन या येशूसंघीय धर्मगुरूंना फाशी दिली गेली होती. स्टीफन्स यांचा जिवलग मित्र अजून कोठडीतच होता. हिशोब चुकता करायचा असता तर स्टीफन्स यांनी नुसते गप्प बसले असते तरी पुरे होते. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी या कैद्यांसाठी खटपट केली आणि त्यांना जामिनावर सोडवण्यास मदत केली. शत्रूंवर प्रीती करा हे प्रभूचे वचन वेदीवर वाचणे सोपे असते. ते त्यांनी तुरुंगाच्या दाराशी पाळून दाखवले.

आता भाषेकडे वळू. स्टीफन्स लोकांची बोली शिकले, म्हणजे नुसते काम भागण्यापुरते शिकले नाहीत. कोकणी तर ते शिकलेच, शिवाय पुराणांची आणि पोथ्यांची मराठीही त्यांनी आत्मसात केली. या देशातल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिन भाषांशी जुळते, हे त्यांनी १५८३ मध्येच आपल्या भावाला पत्रातून कळवले होते. युरोपातल्या पंडितांनी हा विषय गंभीरपणे हाती घेतला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी.

त्या काळात मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून प्रार्थना म्हणत आणि लोक मागे गुडघे टेकून असत. दुपारी धर्मशिक्षणाचा वर्ग भरे. अशाच एका रविवारी मुलांचा वर्ग चालू असताना घडलेला प्रसंग स्टीफन्स यांनी आपल्या पुराणाच्या सुरुवातीला सांगितला आहे. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे आला आणि त्याने पाद्री-गुरूंपुढे आपले मन मोकळे केले. शिकवता ते चांगले आहे, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला, वेळ सत्कारणी लावायला आम्हांला दुसरे काही का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

हा प्रश्न किती खरा होता, हे आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको. श्रावणात गावोगाव पोथी लागते. दिवसभर रानात राबलेली माणसे रात्री ऐकायला बसतात. जात्यावर बसलेल्या आयाबाया ओव्या गातात. धर्म आपल्याकडे असा कानांतून आणि कंठातून घरात येतो. स्टीफन्स साष्टीत काम करत होते त्याच काळात आपल्या पैठणला संत एकनाथ आणि अंबाजोगाईला दासोपंत ओव्या लिहीत होते. १५८४ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा स्टीफन्स यांना गोव्यात येऊन पाच वर्षे झाली होती. नवीन विश्वास स्वीकारलेल्या माणसाच्या हातून ही सारी शिदोरी काढून घेतली आणि बदल्यात फक्त प्रश्नोत्तरांची उजळणी दिली, तर रात्री दिवा लावल्यावर त्याने काय गावे?

स्टीफन्स यांनी त्या ब्राह्मणाला गप्प बसवले नाही. त्यांनी स्वतःच पुराण रचायला घेतले. उत्पत्तीपासून मसीहाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा पहिल्या पुराणात, आणि प्रभू येशू ख्रिस्ताचे जीवन, मरण व पुनरुत्थान दुसऱ्या पुराणात. दोन्ही मिळून ९५ अवस्वरू, म्हणजे अध्याय, आणि सुमारे अकरा हजार ओव्या. परदेशात जन्मलेल्या माणसाने पन्नाशी-साठीच्या वयात हे काम पुरे केले. मराठी भाषेची थोरवी गाताना त्यांनी तिला रत्नाची, मोगऱ्याची, कस्तुरीची उपमा दिली आहे. परंतु त्यांना पांडित्य मिरवायचे नव्हते. जुन्या कवींचे अवघड शब्द आपण टाळले आणि सोपे व्हावे म्हणून लोकांच्या बोलीतले शब्द मिसळले, असे त्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. ऐकणाऱ्याच्या ओठांवर जो शब्द आधीच होता, तोच त्यांनी प्रभूच्या सेवेला लावला.

त्यांची आणखी एक इच्छा होती. हे लेखन लोकांच्या लिपीत छापावे असे त्यांना वाटत होते. १६०८ साली त्यांनी रोममधील आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून त्यासाठी परवानगी मागितली. या लिपीला सुमारे सहाशे खिळे लागतात, ते दोनशेवर आणता येतील, असा हिशोबही त्यांनी मांडला. पण ते घडले नाही. १६१६ साली रायतूरच्या येशूसंघीय महाविद्यालयात पुराण छापले गेले ते रोमन लिपीत. तरी स्टीफन्स थांबले नाहीत. धर्मशिक्षणाचे पुस्तक आणि व्याकरणही त्यांनी लिहून ठेवले होते. १६१९ मध्ये गोव्यातच, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ते प्रभूकडे गेले. धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ मध्ये आणि व्याकरण १६४० मध्ये छापले गेले. कोकणी भाषेचे ते पहिले छापील व्याकरण. स्वतः लेखकाला मात्र ही दोन्ही पुस्तके छापलेली पाहायला मिळाली नाहीत.

आता या पुराणाचे पुढे काय झाले ते पाहू, कारण त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. रविवारी आणि सणाच्या दिवशी मिस्सा झाली की देवळात पुराण वाचले जाई. भाविक ते ऐकत, गात आणि पाठ करून घरी नेत. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. त्यानंतर वारा फिरला. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. छापणे थांबले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. पण पुराण मेले नाही. लोकांनी ते हाताने उतरवून घेतले. गोव्यातून दक्षिणेकडे कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांनी ते आपल्याबरोबर नेले.

याच कुटुंबांच्या वंशजांना १७८४ मध्ये टिपू सुलतानाने कैद करून श्रीरंगपट्टणला नेले. १७९९ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, ते तिथे होते. देवळे गेली होती आणि मिस्सा सुटली होती. त्या बंदिवासात ख्रिस्तपुराणाच्या ओव्यांनी लोकांना धीर दिला आणि त्यांचा विश्वास टिकवला, अशी मंगळुरी ख्रिस्ती लोकांची परंपरा सांगते. पुढे हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्ये मंगळूरला पुराणाची नवी आवृत्ती निघाली, आणि १९५६ मध्ये पुण्यात ते देवनागरीत छापले गेले. स्टीफन्स यांनी रोमला पत्र लिहून जी गोष्ट मागितली होती, ती इतक्या वर्षांनी अशी पूर्ण झाली.

बंधुभगिनींनो, ज्या मुलाने इंग्लंडमध्ये मिस्सेवाचून राहिलेली घरे पाहिली, त्याच्या हातून असे काही घडले जे मिस्सेवाचून राहिलेल्या दुसऱ्या लोकांच्या कामी आले. देवाची योजना आपण अशी मागे वळून पाहिली की कळते.

यावरून मिस्सा नसली तरी चालते, असा अर्थ कोणी काढू नये. मिस्साबलिदान हा आपल्या जीवनाचा झरा आहे आणि कोणतीही ओवी त्याची जागा घेऊ शकत नाही. पण झऱ्यावर आलेला माणूस रिकाम्या हाताने परतला तर वाटेत तहानेने व्याकूळ होतो. स्टीफन्स यांनी लोकांच्या हाती घागर दिली. त्या काळी वेदीवरची भाषा बदलणे त्यांच्या हाती नव्हते. आज आपण त्यांच्यापेक्षा भाग्यवान आहोत. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली दार उघडले आणि आज मिस्सा आपल्या मराठीत होते. तरीही वेदीवरची मराठी आणि चुलीजवळची मराठी यांत कधी कधी लॅटिनइतकेच अंतर राहते. ते अंतर कमी करणे ही आधी आम्हां धर्मगुरूंची जबाबदारी आहे, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत आणि तुमचीही साथ मागत आहोत. पहिली गोष्ट अशी की यापुढे दर रविवारी प्रवचनाच्या शेवटी त्या दिवसाच्या शुभवर्तमानातले एक छोटे वाक्य आम्ही सर्वांकडून तीनदा म्हणवून घेऊ. लिहिता-वाचता येवो अथवा न येवो, ते प्रत्येकाने घरी न्यावे. दुसरी गोष्ट, आपल्या मंडळीत ज्या आज्यांना नाताळची, पवित्र मारियेची, प्रभूच्या दुःखसहनाची जुनी गाणी आणि ओव्या येतात, त्यांनी त्या सुनांना आणि नातवंडांना शिकवाव्यात. त्या म्हणजे आपल्या भागातले लहानसे ख्रिस्तपुराणच आहे. त्या उतरवून घेण्याचे काम युवकांनी अंगावर घ्यावे. तिसरी गोष्ट, फडावर जाणाऱ्या प्रत्येक टोळीत निदान एका घराने रविवारी संध्याकाळी कोपीपुढे दिवा लावावा, आपल्या इतर भाविकांना बोलवावे आणि पाठ असेल ते म्हणावे. शेजारच्या कोपीत आजारी किंवा अडचणीत कोणी असेल, तर ते आपल्या धर्माचे असोत वा नसोत, प्रार्थनेनंतर आधी त्यांच्याकडे जावे. गोव्याच्या तुरुंगापर्यंत गेलेल्या फादर स्टीफन्स यांची उपासना तिथेच पुरी झाली होती.

ती माता या वर्षीही फडावर जाईल. आम्हांला तिच्याबरोबर जाता येणार नाही. पण तिच्या कंठात प्रभूचे चार शब्द जास्त असतील, एवढे आपण सर्व मिळून नक्की करू शकतो.

फादर स्टीफन्स यांना ख्रिस्तसभेने संत म्हणून घोषित केलेले नाही. त्यांच्या नावाचा सण नाही. तरी आज घरी गेल्यावर जेवणाआधी मराठीत प्रार्थना म्हणाल, तेव्हा त्यांची कृतज्ञतेने आठवण करा. आपली भाषा देवापुढे उभी राहण्यास योग्य आहे, हे त्यांनी आपल्याआधी ओळखले होते.

प्रभू तुमच्या घरांना, फडावरच्या तुमच्या माणसांना आणि तुमच्या कष्टांना आशीर्वाद देवो.

प्रभूच्या सेवेत,
तुमचे धर्मगुरू